मंडईतली मुलाखत

माझ्या चॅनलवर दोनच व्हिडिओ तुफान चालले. एकात अजगर होता आणि दुसऱ्यात आवाज नव्हता. अजगराचा अजून आहे, ज्याला हौस असेल त्यानं पाहावा. दुसरा मी स्वतःच्या हातानं काढून टाकला, आणि तेव्हापासून गोंदियाच्या बाजारात मी पैसे खाल्लेला पत्रकार आहे. ‘तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं संपादकांनी कळवलं. गमती सांगतो. पण त्यांच्या मागोमाग हेही येणार आहे. ते छापायचं नसेल तर सगळंच परत पाठवा.

आमचं घर गोंदियाला लागूनच, मुर्रीला. आई बिड्या वळायची. मी एकोणीसशे नव्व्याण्णव साली एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं लाइट धरायला लागलो, मग कॅमेरा धरला, मग केबलच्या बातम्या करू लागलो. तेव्हा एखादी मोठी बातमी असली तर कॅसेट पाकिटात घालून नागपूरच्या गाडीनं पाठवायची आणि तिकडं कोणी उतरवून घेतली का म्हणून एसटीडीवरून विचारत बसायचं. बातमी शिळी व्हायची, पण खरी असायची. पुढं मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, केबलचा धंदा बसला आणि ज्याच्या खिशात फोन तो पत्रकार झाला. मीही झालो. भागीदार म्हणून गोंदिया शहरातला नितेश घेतला. पोरगा हुशार, हात चलाख, बोलणार हिंदीच. शूटिंग आणि विचारपूस माझी, एडिटिंग आणि मथळे त्याचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं की व्हिडिओ टाकला की पैशांचा पाऊस पडतो. तसं काही नसतं. ज्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर तुम्ही व्हिडिओ टाकता ती त्यावर जाहिराती दाखवते आणि त्यातला चतकोर तुकडा तुम्हाला देते. तोही लोकांनी व्हिडिओ उघडला, आणि उघडून पुढं पाहिला तर. म्हणून सगळा जीव असतो तो बाहेरच्या चित्रात. चित्रात लाल बाण हवा, बाण दाखवतो तिथं गोल हवा, आणि पिवळ्या अक्षरांत असं काहीतरी हवं की माणसाचा अंगठा थांबलाच पाहिजे. आत काय आहे ते नंतरचं. या तुकड्यावर दोन घरं चालत नाहीत, म्हणून मग वाढदिवस. साहेबांचा वाढदिवस, भाऊंचा वाढदिवस, भाऊंच्या चिरंजीवांचा वाढदिवस. शुभेच्छुकांचे फोटो फिरवायचे आणि मागं सनई लावायची. आणि तिसरी मिळकत असते ती व्हिडिओ न टाकण्याची. ती आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी, आणि तीच मी कधी घेतली नाही. हे शपथेवर सांगत नाही. शपथा घेणारे मी खूप शूट केलेत.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका पुढाऱ्याला दवाखान्याला ‘अचानक भेट’ द्यायची होती. पहिल्या वेळी डॉक्टर दारातच हार घेऊन उभे राहिले, तेव्हा पुढारी चिडला, बाहेर गेला आणि पुन्हा अचानक आला. दुसऱ्या वेळी खाटेवरची म्हातारी उठून म्हणाली, “आत्ताच तं येऊन गेलते बाप्पा हे!” मग तिला दुसऱ्या वॉर्डात नेलं आणि भेट तिसऱ्यांदा अचानक झाली. एक गृहस्थ साळ्याचा भ्रष्टाचार उघडा पाडा म्हणून महिनाभर मागं लागले होते. साळा कुठल्या खात्यात आहे विचारलं तर म्हणाले, “खात्यात नाही, घरातच हाये.”

एकदा इटियाडोह धरणाच्या कालव्यावर गेलो. शेवटच्या टोकाच्या गावांना पाणी पोचत नव्हतं आणि कागदावर कालवा दुरुस्त झालेला होता. दोन दिवस कालव्याच्या काठानं पायी फिरलो, फुटलेलं अस्तर दाखवलं, अधिकाऱ्याला प्रश्न विचारले. झकास व्हिडिओ झाला. पाहिला कोणी? ज्यांच्या शेतात पाणी नव्हतं त्यांनी, आणि त्या अधिकाऱ्यानं. त्याच फेरीत एका माकडानं नितेशच्या पिशवीतली केळी पळवली. ते त्यानं गंमत म्हणून वेगळं टाकलं, आणि त्या माकडाच्या जिवावर आम्ही पुढचे काही आठवडे जेवलो. नितेश म्हणाला, “देखा भैया? पब्लिक को नहर नहीं, बंदर चाहिए.” मला राग आला. अजूनही येतो.

आता दुसऱ्या व्हिडिओचं. त्यातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत.

आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या रस्त्याला एक राइस मिल आहे. तिथं सुकदेव नावाचा हमाल होता. हमालांचं काम पोती वाहण्याचं आणि थप्पी लावण्याचं. थप्पी म्हणजे पोत्यावर पोतं रचून केलेली भिंत, छताला टेकेल एवढी. पावसाळाभर माल पडून राहिला की खालची पोती ओल धरतात, मऊ पडतात आणि थप्पी एका अंगाला कलते. अशी थप्पी उतरवून पुन्हा लावावी लागते. त्यात मजुरी जाते म्हणून कोणी लावत नाही. दसऱ्याच्या सुमारास ती थप्पी सुकदेवच्या अंगावर आली. पोती उपसेपर्यंत तो गेला होता.

मिलनं सांगितलं की हा आमचा माणूसच नाही. दुपारच्या उन्हातून कोणी वाटसरू गोदामात येऊन झोपला, त्याला आम्ही काय करणार? मजुरी मुकादमाच्या हातून रोख मिळायची, त्यामुळं त्याची कुठंच नोंद नव्हती. आठ-दहा वर्षं पोती वाहिलेला माणूस मेल्यावर वाटसरू झाला.

त्याची बायको शेवंता माझ्याकडं आली. कपाळावर आठ्या, डोळ्यांत पाणी नाही. बसा म्हटलं तर उंबऱ्यातच बसली.

“भाऊ, मले पैसे भेटतीन का नाही ते मी नाही विचारून राहिली. पोरगी हाये, तिच्यासाठी लागतीनच. पन त्यायनं सांगतलं का तो तिथं कामालेच नोयता. लोक मले विचारते, मंग तो कायले गेलता तिथं? चोरी कराले?” एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला.

कामगार कार्यालयात तिचा अर्ज होता. सुकदेव त्या मिलचाच हमाल होता हे सिद्ध झालं की भरपाई मिळणार होती. त्यासाठी सोबतच्या एका तरी माणसानं तसं म्हणायला हवं होतं. मी हमालांच्या घरोघर फिरलो. कोणाची बायको सांगायची, घरी नाहीत. आणि आतून खोकल्याचा आवाज यायचा. मी त्यांना दोष देत नाही. एका मिलनं काढलेल्या हमालाला दुसरी मिल ठेवत नाही.

शेवटी दुर्गू तयार झाला. सुकदेवच्या जोडीनं पोतं उचलायचा तो. “घरी नोका येऊ जी,” तो म्हणाला, “मिलीजवर नोका येऊ. हाटेलात नोका. मंडईले या. तिथं कोन कोनाशी बोलते, कोनाले समजत नाही.”

आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाच रंगतो, रात्री नाटक असतं, लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी जमतात. गर्दी अशी की सख्खा भाऊ हरवावा. दुर्गूची अक्कल बरोबरच होती. दुपारच्या वेळी जिलेबीच्या दुकानामागं आम्ही उभे राहिलो. त्यानं कॉलरचा माइक लावू दिला नाही, “दिसते ते,” म्हणाला. मी फोन छातीशी धरला, त्याचा चेहरा टाळून पाठमोरा घेतला. तो बोलला. सुकदेव किती वर्षांपासून होता, थप्पी कलली आहे हे मुकादमाला कोणी कोणी सांगितलं होतं, त्या दिवशी सुकदेवला वर कोणी चढवलं, सगळं. बोलताना त्याच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या दिसत होत्या. मी एवढ्या वर्षांत इतकी सरळ साक्ष ऐकली नव्हती.

आणि आमच्या डोक्यावर, बांबूला बांधलेल्या भोंग्यातून, नव्या सिनेमाचं गाणं वाजत होतं.

इथं धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. गाण्यांचे मालक असतात. तुमच्या व्हिडिओत त्यांचं गाणं वाजलं की कंपनीचं यंत्र ते आपोआप ओळखतं. यंत्राला मंडई कळत नाही, हमाल कळत नाही, गाणं तेवढं कळतं. मग मालकाच्या मर्जीप्रमाणं तुमची कमाई त्याला जाते, नाहीतर व्हिडिओच बंद होतो. शहरातले चॅनलवाले म्हणून बंद खोलीत मुलाखती घेतात. आमच्याकडं खरं बोलणारा माणूस बंद खोलीत बोलत नाही. तो गर्दीत बोलतो, आणि गर्दी आली की भोंगा आला.

नितेशनं गाण्याखाली दबलेल्या दुर्गूच्या बोलण्याचा शब्द न् शब्द मला विचारून घेतला, तीन वेळा ऐकला आणि व्हिडिओ चांगला कापला. शेवंता, मिलचं फाटक, मग दुर्गू. सकाळी टाकला. लोक पाहू लागले. दुपारी मी गोरेगावच्या बाजारात असताना त्याचा फोन आला की यंत्रानं गाणं पकडलं आणि व्हिडिओ बंद केला.

“तो काढ, गाण्याचा आवाज बंद कर आणि खाली दुर्गूचं बोलणं अक्षरांत घालून नव्यानं टाक,” मी म्हटलं.

“भैया, चलता हुआ व्हिडिओ कोई निकालता है क्या? गिनती फिर शून्य से. एक रास्ता है, जहाँ गाना है उतना म्यूट कर देता हूँ. चालू हो जाएगा.”

मी म्हटलं थांब, मी येतो. पण एसटी गच्च भरलेली, मी पोचेपर्यंत त्यानं करून टाकलं होतं. गाणं गेलं आणि गाण्याबरोबर दुर्गूही गेला. पाठमोरा माणूस हात हलवतो आहे, खांदे उडवतो आहे, आणि सगळं चिडीचूप. वर नितेशनं मथळा बदलला होता: ‘हमालाचा आवाज कोणी दाबला?’ लाल बाण दुर्गूच्या पाठीवर.

रात्रीतून तो व्हिडिओ अजगराच्या पुढं गेला.

लोकांना जे हवं होतं ते मिळालं. आवाज मिलवाल्यानं दाबला, पोलिसांनी दाबला, आमदाराच्या माणसानं दाबला, हजार तर्क झाले. भोंग्यातल्या गाण्यानं दाबला हे कोणाच्या मनातही आलं नाही. नितेशनं कुठं खोटं लिहिलं नव्हतं, फक्त प्रश्न विचारला होता. या धंद्यात प्रश्नचिन्हासारखं सोयीचं दुसरं काही नाही. मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, “आपकी सच्चाई तो नहर में बह गई थी भैया, याद है?”

मी मूळ चित्रण घेऊन शेवंताबरोबर कामगार कार्यालयात गेलो. साहेब सज्जन होते. त्यांनी त्यांच्या संगणकावर ते लावलं. गाणं दणक्यात वाजलं. आत कुठंतरी खोल माणूस बोलतो आहे एवढं कळत होतं. मंडईत मी त्याच्यासमोर उभा होतो म्हणून मला शब्द लागत होते. साहेबांनी पुन्हा लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “मेश्राम, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण मला यात गाणंच ऐकू येतंय.”

त्यांनी दुर्गूला बोलावलं. तोवर गावभर बोभाटा झाला होता. पाठीवरून माणूस ओळखायला हमालांना वेळ लागत नाही, रोज एकमेकांच्या पाठीच पाहतात ते. दुर्गू साहेबांसमोर माझ्याकडं न पाहता म्हणाला, “मी नोय जी तो. मी मंडईले दंडार पाहाले गेलतो.” शेवंता त्याच्याकडं पाहत राहिली. बाहेर आल्यावर ती एकटीच एसटीकडं चालू लागली.

आणि मग जे झालं त्यानं माझं डोकं फिरलं ते आजतागायत ठिकाणावर नाही. मिलवाला घाबरला. खऱ्या साक्षीला घाबरला नाही, ती कोणी ऐकलीच नव्हती. बिनआवाजाच्या व्हिडिओला घाबरला. त्याचे व्यापारी त्याला विचारू लागले, पुढारी त्याचा फोन उचलेनासे झाले. त्यानं शेवंताकडं माणूस पाठवला. जे खरं होतं त्यानं तिला काही मिळालं नाही, आणि जो निव्वळ देखावा होता त्यानं मिलवाला तिच्या दारात आला.

थोड्या दिवसांनी शेवंता मुर्रीला आली. सोबत पोरगी होती, बारावीतली. पोरगी सारखी आईकडं पाहत होती.

“त्यायनं पैसे कबूल केले भाऊ. अर्धे दिले. अर्धे पोरीच्या कालेजाच्या वक्ती देतीन.”

“चांगलं झालं वहिनी.”

“कागदावर सही केली मी.” ती थांबली. “लिवलं हाये का तो कामाले नोयता. गरीब बाई मनून मदत दिली, असं लिवलं हाये.”

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला.

“आनखी एक हाये. तुमचा तो व्हिडू काढाचा. नाही काढला तं उरलेले नाही देत. आन कोनाले सांगाचं नाही का काऊन काढला. समजलं तं बंद.” मग एकदम तिचा आवाज चढला. “तुमी मले असे नोका पाहू भाऊ! म्या नवरा इकला असं वाटून राहिलं ना तुमाले? पोरगी शिकवाची हाये मले. तो असता तं त्यानंही हेच केलं असतं.”

मी तिला सांगितलं की तसं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर वाटलं होतं, क्षणभर. मग पोरीकडं पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. आम्ही बातम्यावाले दुसऱ्याच्या घरातून सत्याची वर्गणी मागायला नेहमी तयार असतो.

नितेशशी त्या दिवशी जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं नाही. त्या व्हिडिओच्या कमाईतून त्यानं नवा कॅमेरा ठरवला होता. व्हिडिओ का काढायचा ते मी त्याला सांगितलं नाही, कारण नितेशला सांगणं म्हणजे चौकात सांगणं. तो म्हणाला, “कितना मिला, इतना बता दो. आधा मेरा भी बनता है.” इतक्या वर्षांचा भागीदार. मी व्हिडिओ उघडला आणि काढून टाकला. यंत्रानं विचारलं, नक्की काढायचा का? हे परत येणार नाही. एवढा एकच प्रश्न त्या यंत्रानं मला शहाण्यासारखा विचारला.

नितेश गेला. आता त्याचं स्वतःचं चॅनल आहे आणि जोरात आहे. माझ्याकडं वाढदिवस येणं मात्र थांबलं नाही, उलट वाढलं. ‘मेश्राम आता आपल्यातलाच’ असं पुढाऱ्यांना वाटू लागलं असावं. ओळखीचे लोक चहाच्या टपरीवर हसून विचारत, सौदा बरा झाला ना? विहारात बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहिलं तरी मागं कुजबुज यायची. बायको म्हणाली, “एकदा सांगून टाका ना सगळ्यांना.” तिला मी शेवंताची अट सांगितली, आणि मग तिनंही ती पाळली. शिवणाच्या मशीनवर बसून गिऱ्हाइकांचे टोमणे ऐकत राहिली.

आता शेवंताचे सगळे पैसे मिळाले. पोरगी नर्सिंगला आहे. शेवंताला विचारूनच हे लिहितो आहे. पण हे लिहायला मोकळा होण्याआधीची एक दुपार सांगायची राहिली, आणि खरं तर तेवढीच सांगायची होती.

दुर्गू आला होता. सायकल आमच्या अंगणात लावली आणि उभाच राहिला. एवढ्यातच केस पांढरे झाले होते. त्यानं फोन काढून मला एक फोटो दाखवला. तेच गोदाम, तशीच कललेली थप्पी, खाली दोन नवे हमाल.

“परत तसंच करून राहिले,” तो म्हणाला. “सांगतलं तं आयकत नाही. मी आता कोनाले भेत नाही जी. तोंड दाखवतो, नाव सांगतो. सुकदेवचंही सांगतो. तवा मी झूट बोललो, ते मले आजून जेवू देत नाही.”

मी उठलो. फोन हातात घेतला. माइक कुठं आहे ते शोधू लागलो. म्हटलं, “आत बस दुर्गू, दार लावतो, इथं गाणंबिणं काही नाही.”

तो आत आला नाही. “तुमाले विचाराले आलो होतो मी,” तो म्हणाला. “नितेश भाऊचा नंबर हाये का तुमच्याजवर?”

“माझ्याकडं का बोलत नाहीस?”

त्यानं मान खाली घातली. माझा अपमान करायचा त्याच्या मनात नव्हतं, एवढं मला दिसत होतं.

“तुमी चांगले हा जी. पन तुमी काढून टाकता.”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. शेवंताचे उरलेले पैसे तेव्हा अजून यायचे होते. दुर्गूला कळलं म्हणजे हमालांना कळलं, आणि हमालांना कळलं म्हणजे मिलला कळलं. मी त्याला नितेशचा नंबर लिहून दिला. त्यानं चिठ्ठी खिशात ठेवली, सायकल वळवली आणि फाटकाशी थांबून माझ्याकडं एकदा पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला असेल. मी बोललो नाही, आणि तो जे समजायचं ते समजून गेला.